आठाचं निम्मं

वाद्यं अजून तोंडाने भांडत असत, त्या काळी एका ऑर्केस्ट्राच्या खोलीत गिटारचा आवाज वाढवणारा छोटा अ‍ॅम्प राहायचा. एका हाताने उचलता येईल एवढाच, पण तोरा मैदानाएवढा. एके दिवशी तिथे जादा स्पीकरचा भलामोठा खोका आला आणि अ‍ॅम्पला चेव चढला. "जोडा हा मला! उद्याचा कार्यक्रम मी एकटा गाजवतो."

विजेची मोजमापं घेणारे मीटरकाका असले शहाणे बघून विटले होते. ते म्हणाले, "तुझ्या पाठीवर लिहिलंय, आठ ओहमच्या खालचा स्पीकर जोडू नये. हा चारचा आहे."

"काका, चार म्हणजे आठाचं निम्मं!" अ‍ॅम्प फिसकन हसला. "निम्मं ओझं मला जड होणार होय?"

"ओहम म्हणजे ओझं नव्हे रे, लगाम. तो निम्मा झाला की वीज दुप्पट उधळते. निदान जोडताना बंद तरी हो."

"घाबरट!" म्हणत अ‍ॅम्पने चालू असतानाच खोका जोडून घेतला आणि आवाज पुरता चढवला. दोन सूर दणदणीत निघाले. तिसऱ्याच्या जागी धूर आला.

सगळी पाठ काळी पडली, फक्त तिच्यावरचा आठ स्वच्छ दिसत होता.

"आता वेळच वेळ आहे," मीटरकाका म्हणाले. "वाच निवांत."