वॉल्व्ह बंद आहे

“पण सही मी का करायची नाही, चाचा?”

परमिटची वही दस्तगीर मिस्त्रींच्या मांडीवर होती आणि वहीवर त्यांचा पंजा होता.

“सहा महिने झाले तुमच्या हाताखाली. वॉल्व्ह मी बसवला, मोटर मी चढवली, वायरिंग मी तपासलं. मग?”

“मग काय न्हाई.”

केतकी हिरेमठ आमच्या साखर कारखान्यातली सगळ्यात नवी इंजिनिअर. ती हुशार आहे हे कोणीच नाकारत नव्हतं. ती स्वतः तर मुळीच नाही.

महिन्यातून एकदा आमचं गाळप थांबतं आणि साफसफाई निघते. वाफेवर रस आटवायच्या ज्या दोन मजली टाक्या आहेत, त्यांना आम्ही बॉडी म्हणतो. आत थर धरतो, दगडासारखा. तो खरवडायला माणसं आत उतरतात. ती उतरण्याआधी वाफेचा वॉल्व्ह बंद असल्याची लेखी हमी द्यावी लागते, तेच परमिट.

एकतीस वर्षं त्यावर मिस्त्रींची सही. शिवाय कारखान्याचा एक रिवाज आहे, तो कुठल्या पुस्तकात नाही. ज्याची सही, त्यानं बॉडीत पहिलं उतरायचं आणि शेवटी बाहेर यायचं. मॅनेजरसाहेबांनी केतकीला सांगून ठेवलं होतं, मिस्त्री वही देतील त्या दिवसापासून सही तुमची.

त्या दिवशी सकाळी सातला बॉयलर बंद होता. तो पेटवून अकरा वाजता शेजारच्या डिस्टिलरीसाठी वाफ सोडायची होती, बॉडीच्या अंगावरून जाणाऱ्या त्याच मोठ्या पाइपातून. बॉडी आणि ती वाफ यांच्यामध्ये होता एकच वॉल्व्ह, केतकीनं बसवलेला. महिपती आणि त्याचे चार गडी ब्रश घेऊन बाहेर उभे होते. अकरा वाजता ते आत असणार होते.

“वॉल्व्ह बंद हाय?” मिस्त्रींनी विचारलं.

“बंद आहे. पॅनेलवर लाल दिवा लागलाय. मोटरवरचा काटाही ‘बंद’वर आहे. हातच्या काकणाला आरसा कशाला, चाचा?”

“ब्लाइंड?”

ब्लाइंड म्हणजे बिनभोकाची जाड लोखंडी चकती. पाइपाचा जोड उकलून ती मध्ये घातली की वॉल्व्ह दगा देवो न देवो, वाफ पुढे जात नाही. पण ती घालायला दीड-दोन तास मोडतात.

“जुना हाताचा वॉल्व्ह गळायचा, म्हणून ब्लाइंड लागायची. नवा कशाला गळेल?” केतकीनं पाइपावर तळवा ठेवला. “बघा, गार आहे.”

“बॉयलर बंद हाय म्याडम. समदा कारखाना गार हाय.”

गडी हसले. केतकीचे कान लाल झाले.

“कुनी बंद केला वॉल्व्ह?” मिस्त्रींनी पुढचं विचारलं.

“कोणी म्हणजे? पॅनेलनं.”

“मग पॅनेलला बोलवा. आपल्यात बंद करणारा आदी आत उतरतोय.”

आता तर महिपतीही हसला. मीही हसलो, खोटं कशाला बोलू? मी प्रयोगशाळेतला, रसाचे नमुने तपासणारा. वॉल्व्हमधलं मला गाढवाला गुळाची जितकी चव तितकंच कळतं. पण माणसाचा पाणउतारा कळतो, आणि तिचा चाललेला मला दिसत होता.

केतकीनं हेल्मेटचा पट्टा आवळला.

“बटण मी दाबलंय. मी उतरते.”

ती खरंच शिडीकडे गेली. बॉडीच्या गोल तोंडाशी वाकली, एक पाय आत घातला.

मिस्त्री जागचे हलले नाहीत.

“अकराला मी आतच असेन,” ती म्हणाली. “सगळ्यांच्या खाली, तळाला. मग तरी विश्वास बसेल?”

“तुमच्यावर हायच की.”

“मग?”

“तुमी आत बसला म्हणून वॉल्व्ह बंद हुतोय व्हय?”

...

तिनं पाय बाहेर घेतला. महिपती हसायचा थांबला.

मिस्त्री गुडघ्यावर हात देऊन उठले. खिशातून खडूचा तुकडा काढला. मोटरच्या खाली वॉल्व्हचा दांडा जिथं बाहेर डोकावतो, तिथं वाकले. या दांड्याला आत पाइपाच्या पोटात एक तबकडी असते. दांडा पाव वळसा फिरला की तबकडी आडवी होते आणि वाट बंद होते, परत फिरला की वाट मोकळी. त्यांनी दांड्यावरून बाजूच्या लोखंडावर एक सरळ रेघ ओढली.

“आता उगडा.”

केतकी पॅनेलपाशी गेली, बटण दाबलं. वर मोटर गुणगुणली. काटा ‘बंद’वरून सरकत सरकत ‘उघडा’वर आला. पॅनेलवर हिरवा दिवा लागला. सगळं कसं नीट, वेळेवर.

ती परत आली आणि रेघेकडे बघत राहिली.

रेघ सरळच होती. कुठंही तुटली नव्हती.

“परत बंद करा,” मिस्त्री म्हणाले.

मोटर गुणगुणली, काटा फिरला, दिवा लाल झाला. रेघ होती तिथं, होती तशी.

...

“दांडा फिरत नाही,” केतकी हळूच म्हणाली. “नुसती मोटर फिरतेय.”

“तबकडी कशी हाय मग?”

तिनं दांड्यावर कोरलेली खाच पाहिली. तबकडी ज्या दिशेला, त्याच दिशेला ती खाच. खाच पाइपाच्या लांबीला धरून होती.

“उघडी,” ती म्हणाली. “पूर्ण उघडी.”

महिपतीनं ब्रश भिंतीला टेकवला. त्याला तीन मुली, धाकटीचं बारसं गेल्याच महिन्यात आम्ही जेवलो होतो.

“पॅनेल खोटं बोललं,” केतकी म्हणाली.

“ते कशाला खोटं बोलंल? मोटर बंदवर आली, एवडंच ते म्हनलं. वॉल्व्हचं त्याला कुनी इचारलं?”

तिनं स्वतः पाना घेतला. मोटर पट्ट्याला टांगून, बोल्ट काढून वर उचलली. मोटर आणि दांडा यांना एकत्र धरणारा बोटभर लोखंडी तुकडा असतो, फिटर त्याला चावी म्हणतात. तिच्या बसायच्या खाचेतून चावी निघाली, तिच्याबरोबर पत्र्याची एक चिंबलेली पट्टीही निघाली. चावीच्या कडा झिजून गोल झाल्या होत्या.

मिस्त्रींनी पट्टी तळव्यावर घेतली.

“ही कुनी घातली?”

केतकीला आठवलं. दिवाळीनंतर गाळप सुरू व्हायच्या आदल्या दिवशी चावी खाचेत सैल बसत होती. नवी कापायला वर्कशॉपमध्ये वेळ नव्हता. फिटर म्हणाला होता, पत्रा घालू का? आणि सहा महिन्यांत या भागाची एक गोष्ट ती पहिल्या फटक्यात शिकली होती.

“मीच,” ती म्हणाली. “मीच म्हणाले, चालतंय की.”

“चाललं की. म्हैनाभर.”

“महिनाभर वॉल्व्ह उघडाच होता, चाचा. बंद करायची वेळ आज पहिल्यांदा आली.”

तिच्या डोळ्यांत पाणी आलं, ते तिनं ग्रीसच्या हातानं पुसलं आणि गालावर काळा पट्टा उमटला. त्यावर कोणी हसलं नाही.

वर्कशॉपमध्ये नवी चावी कापली. या वेळी केतकी कानशीच्या शेजारी उभी राहिली. चावी खाचेत हातानं बसेना, लाकडी हातोडीचे हलके ठोके द्यावे लागले, तेव्हा तिनं मान हलवली. तबकडी थरानं जाम झाली होती, ती आधी लांब पान्यानं सोडवून घेतली. मोटर परत चढवली, बोल्ट आवळले. जुनी रेघ चिंधीनं पुसून तिनं नवी ओढली आणि बटण दाबायला गेली.

या वेळी रेघ मधोमध तुटली. दांड्यावरचा तुकडा पाव वळसा पलीकडे गेला. खाच पाइपाला आडवी झाली.

मिस्त्रींनी वही उचलली, पण ती तिनं मागितली नाही.

“ब्लाइंड कुठंय?” तिनं विचारलं.

“वॉल्व्ह बंद झाला की आता,” मिस्त्री म्हणाले.

“असू दे.”

जोड उकलला. चकती दोघांनी मिळून सरकवली, बोल्ट एकाआड एक समोरासमोर आवळले. मोटरची वीज मुख्य खटक्यावर बंद करून तिनं तिथं कुलूप लावलं आणि किल्ली स्वतःच्या गळ्यात घातली. तोवर पावणेअकरा वाजले.

महिपतीनं विचारलं, “उतरायचं का म्याडम?”

“अकरा वाजू देत.”

“गडी खोळंबल्यात.”

“खोळंबू देत, महिपतीमामा.”

अकराला बॉयलरकडून भोंगा झाला. मग पाइपातून खडखड आली. आधी लांबून, मग जवळून, मग थेट आमच्या अंगावर. अख्खा पाइप थरथरला. वर कुठंतरी जोडातून पांढरी रेषा फुसफुसली आणि विरली. मी दोन पावलं मागे सरलो. महिपती मात्र बॉडीच्या तोंडाकडे बघत राहिला. तो आणि त्याची माणसं या वेळी तिथं असणार होती. त्याचे ओठ हलत होते, देवाचं नाव घेत असावा.

केतकीनं हातमोजा काढला. वॉल्व्हच्या अलीकडे पाइपाजवळ हात नेला आणि झटकन मागे घेतला. मग चकतीच्या पलीकडे तळवा टेकवला. तिथं तो ठेवून ती उभी राहिली. पाच मिनिटं. दहा मिनिटं. घड्याळ मी बघत होतो, ती बघत नव्हती.

“गार?” मिस्त्रींनी विचारलं.

“गार.”

“मग?”

...

“चाचा, रेघ फिरली. खाच आडवी आहे. ब्लाइंड बसलीय, किल्ली माझ्या गळ्यात आहे, पाइप गार आहे.” “सगळं मी पाहिलं. तरी मनात येतं, काहीतरी राहिलं असेल. ही पाच माणसं आत पाठवायची म्हणजे... नको. सकाळी मी बोलले ते बोलले. सही तुम्हीच करा. मला खात्री वाटत नाही.”

मिस्त्रींनी वही उघडली, आजचं पान काढलं आणि ती तिच्या काळ्या झालेल्या हातात दिली. वर स्वतःच्या खिशातलं पेन ठेवलं.

“सकाळी हुती तुमाला खात्री. म्हनून दिली न्हाई.”