नवरदेवाची खिंड

आंबवेळ आणि घोटवडी या दोन गावांच्या मधे जो काळा डोंगर आडवा पडला आहे, त्याला मधोमध एक भेग आहे. तिला नवरदेवाची खिंड म्हणतात. खिंड म्हटल्यावर पाहुण्यांना वाटते, बैलगाडी जात असेल. जवळ आल्यावर कळते की इथून माणूसही सरळ जात नाही. आडवे व्हावे लागते, पोट आत घ्यावे लागते आणि वीस-पंचवीस पावले खेकड्यासारखे चालावे लागते. मधल्या भागात, बेंबीच्या उंचीवर, दगडावर एक लांब ओरखडा आहे. पाहुणे त्यावरून बोट फिरवतात आणि हा कशाचा, असे विचारतात. तो नवरदेवाच्या करगोट्याचा आहे असे सांगितले की हसतात. पण आमच्याकडची जुनी माणसे तसेच सांगतात, आणि सांगताना ती हसत नाहीत.

फार पूर्वी आंबवेळेत सुभान नावाचा एक तरुण होता, म्हणे. त्याचा बाप तो लहान असतानाच गेला. चार चुलत्यांनी मिळून त्याला वाढवले. थोरला हैबती, मग दौलती, मग नाथाजी आणि सगळ्यांत धाकटा शिदू. चौघांचा पोरावर फार जीव, पण चौघांचे आपसात कधी पटले नाही. एकाने सुभानला जेवायला बोलावले की उरलेल्या तिघांच्या घरी पाट मांडलेले असायचे. सुभान कुणालाच नाही म्हणायचा नाही. तो चारही घरी जेवायचा. त्यामुळे अंगाने तो चांगलाच भरला होता.

घोटवडीच्या केदारींची मुलगी हौसा हिच्याशी त्याचे लग्न ठरले. तिला त्याने यात्रेत दोनदा पाहिले होते. दोन्ही वेळा बोलायची संधी मिळाली आणि दोन्ही वेळा तो फक्त "ऊन फार हाय" एवढेच म्हणाला. दुसऱ्यांदा तर आभाळ भरून आले होते. पण मनात त्याने पक्के केले होते की लग्न करीन तर हिच्याशीच.

अडचण एकच होती. हौसाच्या आत्याला मुलगा होता, निंबाजी. रीतीप्रमाणे पहिला मान आतेभावाचा. आत्या रुसून बसली होती. तेव्हा केदारींनी चुलत्यांना स्पष्टच सांगितले, "पावणं, पोरगी तुमच्याकडंच देतो. पर दुपारच्या मुहूर्ताला नवरदेव माझ्या मांडवात पाहिजे. त्यो टळला, तर मला भनीला तोंड दाखवता यायचं न्हाई. निंबाजीला बोहल्यावर उभा करीन." आणि निंबाजी, असे म्हणतात, लग्नाच्या दिवशी पहाटेच अंघोळ करून, टोपी घालून मांडवाच्या खांबाला टेकून बसला होता.

इकडे आंबवेळेत सुभानला नटवायला सुरुवात झाली. त्याच्या कानात बापाची भिकबाळी होती, उजव्या कानाच्या वरच्या पाळीत, दोन बारीक मोती आणि मधे एक लाल खडा. त्याला वाटत होते, तेवढी पुरे. पण हैबतीने आपली सोन्याची कंठी आणली. ती गळ्यात पडलेली पाहताच दौलतीने मनगटात सलकडे चढवले. ते इतके जाड होते की सुभानचा हात एका बाजूला कलला. नाथाजीने कमरेला चांदीचा करगोटा आवळला. चार बोटे रुंद पट्टा आणि तो अडकवायला पुढे लिंबाएवढा फासा. शिदू सगळ्यांत गरीब. त्याने पायात तोडा घातला, पण तो त्याच्या आजोबांचा होता आणि आजोबा हाडापेराने मोठे होते.

"कसं वाटतंय?" नाथाजीने करगोट्याचा फासा लावून विचारले.

"श्वास..." सुभान म्हणाला.

"श्वास काय, लगीन झाल्यावर घे."

या भावकीत एक रीत होती. लग्नात ज्याने दागिना अंगावर घातला, त्यानेच तो उतरवायचा. दुसऱ्या कुणी हात लावला तर तो घालणाऱ्याचा अपमान. आणि ज्याचा दागिना आधी उतरेल, त्याचा मान खालचा.

वऱ्हाड वाजतगाजत खिंडीपाशी आले. डोंगराला वळसा घालून जायचे तर दिवस मावळतो, म्हणून खिंडीतूनच जायचे. नवरदेव पुढे, मागे चुलते, त्यांच्या मागे सनई आणि सगळा गाव. सुभान आडवा होऊन आत शिरला. दहा-बारा पावले गेला आणि करगोट्याचा फासा समोरच्या खडकाला भिडला. पाठ मागच्या खडकाला टेकली. पुढे जाईना, मागे येईना. मागून हैबतीने खांद्याला रेटले. त्याने तो आणखी पक्का बसला.

आता करगोटा उतरवायला हवा, हे शेंबड्या पोरालाही कळले असते. पण नाथाजी म्हणाला, "करगोट्यानं काय न्हाई झालं. दौलतीच्या सलकड्यानं अडकलाय."

"सलकडं मोकळं हलतंय, बघ की!" दौलती ओरडला. "शिदूचा तोडा खाली कपारीत गेलाय."

"काय बी वंगाळ झालं की शिदूच दिसतो तुमास्नी," शिदू म्हणाला. "पंगतीत शेवटचं पान माझं, आन् दागिना उतरवायला पहिला नंबर बी माझाच व्हय?"

हे बराच वेळ चालले. तेवढ्यात मागून एका सनईवाल्याने सहज म्हटले, "ज्याचा दागिना सगळ्यांत भरीव, त्याच्यानंच अडकला आसंल."

आणि भांडण जागच्या जागी उलटले.

"तेच म्हणतोय मी," नाथाजी म्हणाला. "करगोट्यानंच अडकलाय. पावशेर चांदी हाय त्यात!"

"तुझा करगोटा पोकळ! सलकडं भरीव हाय, सलकडं!"

"ह्यो तोडा आज्याचा हाय," शिदू म्हणाला. "ह्या तोड्यानं बैल अडकला असता, पोरगं काय घेऊन बसलाव."

हैबतीची कंठी तर गळ्यात मोकळी लोंबत होती. तरीही, थोरलेपणाचा मान राखायचा म्हणून, मानेमुळेच अडकला आहे असे तो गंभीरपणे सांगू लागला.

खिंडीत ऊन वरून उतरते. भिंतीवर उन्हाचा एक पट्टा पडतो आणि दुपार होईल तसा तो खाली सरकतो. तो तळाला टेकला की माथ्यावर सूर्य आला असे समजावे. सुभानच्या डोळ्यांसमोर तो पट्टा कपाळाच्या उंचीवर होता. मग नाकाच्या उंचीवर आला. चारही चुलत्यांनी त्याला मांडीवर खेळवले होते. कुणाचा मान खाली करायचा?

पलीकडच्या तोंडाशी वऱ्हाडाची वाट पाहणाऱ्या पोरांनी घोटवडीला निरोप नेला. आधी केदारी आले, त्यांच्या मागे भटजी, आणि भटजींच्या मागे सहज पाहायला आल्यासारखा निंबाजी. केदारींनी खिंडीत डोकावून पाहिले. नवरदेवाचे तोंड आणि एक हात एवढेच त्यांना दिसले. सलकडे उन्हात चमकत होते.

"पट्टा गुडघ्याला आला की मी वाट बघणार न्हाई," ते म्हणाले.

निंबाजीने टोपी नीट केली.

तेव्हा हौसा स्वतः मांडवातून उठून आली. अंगाला हळद, डोक्याला बाशिंग, तशीच आली. आत्या मागून "आगं, असं जात्यात का कुठं!" म्हणत राहिली. हौसा खिंडीत वीतभर अंतरावर जाऊन उभी राहिली. पलीकडे चौघांचा गलका चालूच होता. तिने सुभानकडे नीट पाहिले. कंठी पाहिली, सलकडे पाहिले, वाकून करगोटा पाहिला आणि शांतपणे विचारले,

"ह्यातलं तुमास्नी काय आवडतं?"

असे सांगतात की सुभानला हा प्रश्न जन्मात कुणी विचारला नव्हता. जेवणाचासुद्धा नाही. त्याला आधी तो समजलाच नाही.

"म्हंजी?"

"म्हंजी तुमच्या मनात काय घालायचं होतं?"

उन्हाचा पट्टा त्याच्या छातीवर आला होता. सुभान हळूच म्हणाला, "कानातली भिकबाळी. आमच्या आबांची हाय. बाकीचं... बाकीचं जड होतंय मला."

"मग हे मला न्हाई, त्यांस्नी सांगा."

पट्टा छातीवरून पोटावर उतरला. मग सुभानने मान कशीबशी वळवली आणि आयुष्यात पहिल्यांदा म्हणाला,

"तात्या, काका... मला नको."

चारही आवाज एकदम थांबले. सनईवाल्याने मधल्या वेळात बिडी पेटवली होती, त्यानेही ती विझवली. सुभानचा डावा हात मागच्या बाजूला होता. तो हात पोटापाशी आणायला त्याने होता नव्हता तेवढा श्वास सोडला. सकाळपासून धरून ठेवलेला तो श्वास होता. पोट आत गेले, बोटे फाशापर्यंत पोचली आणि त्याने स्वतःच्या हाताने फासा काढला. करगोटा खडकावरून खरवडत खाली पडला. फणसातून गरा निसटावा तसा सुभान हौसाच्या बाजूला निसटला. जाता जाता त्याने कंठी, सलकडे आणि तोडा काढून खाली ठेवले, आणि पळत सुटला. पट्टा तेव्हा गुडघ्याच्या जरा वर होता. मुहूर्त साधला. निंबाजीच्या हातात अक्षता आल्या आणि त्या त्याने बऱ्याच जोरात टाकल्या, असे म्हणतात.

चुलते मागाहून आले. कुणाचा दागिना आधी उतरला यावर कुणीच भांडले नाही, कारण तोपर्यंत चौघेही वाकून तळाच्या अंधारात आपापली वस्तू चाचपत होते. मांडवात आले तेव्हा हैबतीच्या हातात तोडा होता आणि शिदूच्या गळ्यात कंठी. शिदूने ती जेवण होईपर्यंत काढली नाही. हैबतीनेही मागितली नाही.

आजही आंबवेळचा नवरदेव खिंडीतून जातो तो कानात एक भिकबाळी घालून. चुलते, मामा, थोरले भाऊ दागिने आणतात. हल्ली साखळ्या येतात, ब्रेसलेट येतात, मोठाली घड्याळे येतात. सगळे एका ताटात घालून खिंडीच्या घोटवडीकडच्या तोंडाशी ठेवतात. नवरी तिथे उभी असते. ती विचारते, ह्यातलं तुमास्नी काय आवडतं? नवरदेवाने स्वतः सांगायचे आणि स्वतःच्याच हाताने घालायचे. काहीच नको म्हटले तरी चालते.

दोन वर्षांपूर्वीच्या लग्नात नवरदेव ताटाकडे पाहत बराच वेळ उभा राहिला. भटजींनी दोनदा घड्याळ पाहिले. मागे खिंडीत सगळे वऱ्हाड आडवे होऊन, पोट आत घेऊन खोळंबले होते. कुणी त्याला घाई केली नाही.