साहेबांची सावली

दुष्काळ पडला तेव्हा सरकारला एकदम रिकाम्या पोरांची दया आली. उघड्या डोंगरावर झाडं लावायचं काम निघालं. देखरेखीला घोरपडे साहेब. नियम असा, की प्रत्येकानं आपलं रोप लावायचं, त्याला पाणी द्यायचं, सावली करायची. संध्याकाळी ते टवटवीत दिसलं तरच उद्या काम, नाहीतर घरी.

म्हसूच्या घरची चूल या कामावरच पेटायची. त्या दिवशी तो कुदळ उचलणार तोच साहेब म्हणाले, "ए, ते राहू दे. इकडे ये, माझ्यावर छत्री धर." सरकारी कामच ते, नाही कसं म्हणणार? म्हसूनं दिवसभर छत्री धरली, मागतील तेव्हा गार पाणी पाजलं. साहेबांनी मधे एक झोपही काढली.

संध्याकाळी हेच साहेब ऐटीत पाहणीला निघाले. "काय रे, तुझं रोप कुठाय? दिवसभर केलंस काय? उद्यापासून येऊ नकोस!"

म्हसूचं काम गेलं होतं, पण तोंड शाबूत होतं.

"साहेब, रोप माझ्यापुढंच उभं आहे की! सकाळपासून त्याला सावली केली, पाणी घातलं, शेळीसुद्धा जवळ फिरकू दिली नाही. आता ते वाळलंय असं तुम्हीच सगळ्यांसमोर म्हणा, मी हा चाललो घरी."

पोरं फिदीफिदी हसली. साहेबांनी सुटलेल्या पोटावरून हात फिरवला. वाळलोय म्हणायला काही जीभ रेटेना.

"ये उद्या," ते पुटपुटले, "आणि माझ्यापासून लांब काम कर."