दमल्यावरचे माप

एकदा एका वृद्ध आचार्यांकडे त्यांचा तरुण शिष्य भर दुपारी आला आणि पायरीवरच बसला. वीटभट्टीवरच्या मजुरांसाठी तो संध्याकाळचा वर्ग चालवत असे.

"गुरुजी, उद्यापासून वर्ग बंद," तो म्हणाला.

आश्रमातल्या सर्वांचे कपडे आचार्य स्वतः बेतत आणि शिवत. हातातले कापड न ठेवताच त्यांनी विचारले, "का रे?"

"पहिल्या दिवशी अंगण पुरलं नव्हतं. काल दोघंच आले, त्यातला एक पाटीवर डोकं ठेवून झोपला. मी काय कमी केलं? प्रत्येकाला विचारलं, काय शिकायचंय? कोणी कायदा म्हणालं, कोणी इंग्रजी. गौराबाई म्हणाल्या, पोथी वाचायचीय. एकेकासाठी वेगळा धडा बेतला मी! यांना शिकायचंच नाही."

"बेतलास?" आचार्य म्हणाले. "बस जरा."

तेवढ्यात एक व्यापारी आला. आचार्यांच्या हातची बंडी मिळावी अशी त्याची फार इच्छा होती. माप देण्यासाठी तो ताठ उभा राहिला, छाती काढली, पोट आत ओढले. आचार्यांनी फीत उचललीच नाही. शेंगांची टोपली पुढे सरकवून ते म्हणाले, "या सोलू लागा. लेकीच्या सासरी काय म्हणतात?"

शिष्य चडफडत होता. जावयाचे गाऱ्हाणे सांगता सांगता व्यापाऱ्याची पाठ वाकली, खांदे उतरले, पोट मांडीवर आले. तेव्हा आचार्य फीत घेऊन उठले.

"अहो महाराज, मघाशी मोजायचं ना! आता काय शोभा राहिली?"

"जेवायला बसताना पोट आत धरून बसता का?"

व्यापारी खो खो हसला. तो गेल्यावर आचार्य शिष्याकडे वळले.

"माप देताना माणूस ताठ होतो. त्यात लबाडी नसते. आपण असे असावे असे त्याला वाटते, आणि तेवढा वेळ तो तसा असतो. पण त्या मापाची बंडी दिवसभर काचते. नुसते वेगवेगळे कापले म्हणजे बेतले असे होत नाही. दमल्यावर माणूस कसा बसतो ते पाहावे, मग कात्री लावावी. तू धडे त्यांच्या उमेदीला बेतलेस. संध्याकाळी वर्गात येतो तो त्यांचा शिणवटा."

"मग त्यांनी मोठी स्वप्नं पाहूच नयेत?" शिष्य उसळून म्हणाला.

"पाहावीत की. शिवणीत थोडे कापड आत दुमडून ठेवतात. पुढे उसवून वाढवता येते."



दुसऱ्या दिवशी काम सुटायच्या वेळी तो भट्टीवर गेला. त्याला पाहताच गौराबाईंनी पदर सावरला. "मास्तर, येतेच हां. हातपाय धुते आन् येते."

"राहू द्या. बसा. मीही दमलोय."

हे तो आजवर कोणापाशी बोलला नव्हता. गौराबाईंनी त्याच्याकडे नीट पाहिले, विटांना पाठ टेकली आणि पाय लांब केले. तोही शेजारी टेकला.

"मास्तर," त्या हळूच म्हणाल्या, "पोथीचं ऱ्हाऊ द्या. माझ्या गावच्या एसटीची पाटी तेवढी वाचता यावी. दर खेपेला कुणाचं तरी तोंड बघावं लागतं."

"गाव कुठलं तुमचं?" त्याने विचारले. इतक्या दिवसांत त्याने ते विचारलेच नव्हते.