तांबड्या पट्ट्यातली ओढणी

“...आणि तरीही ते ऐकत नाहीत. का ऐकत नाहीत, बाबा?”

उन्हवऱ्याच्या कुंडाच्या पायरीवर बसून केतकी घांगुर्डे विचारत होती. भूगर्भशास्त्रातली डॉक्टर, आणि जिभेनं तिखट.

कुंडापाशी राहणारे गोसावीबाबा गरम पाण्यात पाय सोडून बसले होते. त्यांचे गुडघे दुखायचे, आणि सल्ला मागायला आलेल्या माणसासाठी ते कधी पाय बाहेर काढत नसत.

केतकी आली होती ती या पाण्याची उष्णता मोजायला. तिच्यावर वीज करता येईल का, एवढंच तिला पाहायचं होतं. त्यासाठी हिंडता हिंडता ती मागच्या डोंगरावर चढली आणि वर तिला भेग दिसली. शंभर पावलं लांब, कोपरासकट हात आत जाईल एवढी रुंद. तिच्यात पावसाचं पाणी मुरलं, तर अर्धा डोंगर खालच्या वाडीवर येईल, असं तिचं गणित सांगत होतं.

पावसाला एक महिना होता.

“कुंडातून वीज होईल म्हटलं, तर अख्खी वाडी इथं लोटली. डोंगर येईल म्हटलं, तर म्हणतात, ‘आवं बाई, आज्या-पणज्यापासनं हितंच हाय त्यो. आता म्हातारपणी कुटं निघतोय?’”

बाबा खो खो हसले.

“हसू नका हो! हा बघा.” तिनं पायरीवर नकाशा पसरला. “हा तांबडा पट्टा. पावसाळ्यात इथं एकाही माणसानं झोपायचं नाही. हा ओढ्यापलीकडचा सडा, कातळाचा सपाट माळ, तो हिरवा. तिथं छपरं घालायची आणि चार महिने काढायचे. पत्रेसुद्धा मंजूर करून आणलेत मी. तीनदा सभा घेतली. पालथ्या घड्यावर पाणी!”

“नकाशा छान आहे,” बाबा म्हणाले. “तू निजतेस कुठं?”

“शाळेच्या खोलीत.”

“ती कुठल्या रंगात?”

केतकीनं बोट ठेवलं. ते तांबड्यावर पडलं.

“अजून पाऊस कुठाय?” ती घाईनं म्हणाली. “पाऊस लागायच्या आत मी हलणारच आहे. आणि तिथं मोबाइलला रेंज येते.”

बाबांनी वाडीकडे हात केला. शाळेच्या दोरीवर एक निळी ओढणी वाळत होती.

“तुझीच ना? साऱ्या वाडीतून दिसते.”

केतकीनं नकाशाची घडी घातली... चुकीची घातली, पुन्हा उलगडली, पुन्हा घातली.

दिवस मावळायच्या आत ती तंबू आणि अंथरूण घेऊन सड्यावर गेली. वारा असा, की चूल पेटेना. पहिल्याच सकाळी बुटात विंचू निघाला. रेंजचं तर नाव नको.

चौथ्या दिवशी वाडीतली बायजा पागेरे भाकरी घेऊन आली. तिनं तंबू पाहिला, दोरीवरची ओढणी पाहिली.

“बाई, खरंच यायाचा व्हय त्यो?”

“खरंच.”

दुसऱ्या दिवशी बायजा आपली शेळी घेऊन राहायला आली. मग तिचे दीर आले, मग शेजारी. पाऊस लागायच्या आदल्या दिवशी शेवटचं घर ओढा ओलांडून आलं, कोंबड्यांच्या खुराड्यासकट.

चार महिने पाऊस कोसळला. पत्रे बडवले गेले, सरपण भिजलं, कोंबड्या पळाल्या, भांडणं झाली. केतकी रोज सकाळी ओढ्याकाठी उभी राहून डोंगर बघायची.

डोंगर जागचा हलला नाही.

आश्विनात वाडी आपापल्या घरी परतली आणि केतकी कुंडावर आली. तोंड एवढंसं झालेलं.

“बाबा, डोंगर आला नाही.”

“दिसतोय मला.”

“भेग तशीच आहे. पुढच्या वर्षीही भीती तेवढीच. पण आता कोण विश्वास ठेवील माझ्यावर? खोटी पडले मी. लोक तोंडावर हसतात. डोंगरबाई म्हणतात. मी रस्त्यानं निघाले की, ‘पळा, पळा, आला!’ म्हणून ओरडतात. इतकी लाज वाटते, की कुठं तोंड लपवू कळत नाही.”

“कोण हसतं?”

“सगळे! बायजाकाकी हसते, तिचे दीर हसतात. ते दमेकरी सखूतात्या, ते तर खोकत खोकत हसतात.”

“सगळे म्हणजे किती?”

“दोनशे अकरा,” ती फणकाऱ्यानं म्हणाली. मग थांबली. “...दोनशे बारा. सड्यावर बायजाकाकीच्या सुनेला मुलगी झाली. गेल्या आठवड्यापासून तीही हसायला लागलीय.”

“मोजण्यात चूक नाही ना तुझ्या?”

“नाही, बाबा.”

बाबांनी गरम पाण्यातून पाय बाहेर काढले. उठले, आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला.

“मग पोरी, पुढल्या वर्षीही अशीच खोटी पड.”