नांगराचा पराक्रम

फार जुन्या काळी एका किनाऱ्यावर हिराजी तांडेल पावसाळ्यात आपली शिडाची होडी वाळूवर ओढून, झावळ्यांखाली झाकून ठेवत असे. होडीला बांधलेला नांगर शेजारीच भिजत पडलेला असे.

एका वर्षी वादळं लांबली. नारळी पौर्णिमा उलटली तरी होडी पाण्यात जाईना. बसल्या बसल्या हिराजीने फळ्यांना तेल पाजलं, शीड शिवलं आणि मग नांगराचा दोर बघायला घेतला.

"माझी कसली दुरुस्ती काढताय, तांडेल?" नांगर फुगून म्हणाला. "एवढी वादळं झाली. होडी तसूभर तरी हलू दिली का मी?"

"अरे, आपण वाळूवर होतो!" होडी ओरडली.

"केल्याची जाण नाही हिला," नांगर म्हणाला.

हिराजीने दोर तसाच ठेवला. कंटाळलेल्या माणसाला एवढं कारण पुष्कळ होतं.

पहिल्याच फेरीत खडकांजवळ वारा फिरला. हिराजीने नांगर टाकला आणि कुजका दोर तटकन तुटला. वल्ही मारून मारून त्याचे हात सोलवटले, तेव्हा कुठे होडी वाचली.

तळाशी एका खेकड्याने नांगराला विचारलं, "होडी कुठाय तुझी?"

"तिचं ती जाणे," नांगर म्हणाला. "मी जागचा हललेलो नाही."