थोरल्या जाऊबाईंची फुलबाग

एका गावात दोन जावा भिंतीला भिंत लावून राहत होत्या. दोघींचं काम एकच, संगणकाला आज्ञा लिहून द्यायच्या. जत्रेतले दिवे कसे लागावेत आणि कसे मिटावेत, हे त्या लिहीत. त्यांची लिहायची भाषा मोठी शिस्तीची. प्रत्येकीने आपलं लिखाण आपल्या मॉड्यूलमध्ये ठेवायचं. मॉड्यूल म्हणजे जणू आपापलं घर. दुसरीच्या घरातलं काही हवं असेल, तर तिनं ते खुलं ठेवलेलं असलं पाहिजे.

थोरलीने एक मॅक्रो केला होता, नाव फुलबाग. नुसतं 'फुलबाग' लिहायचं, की काम सुरू होण्याआधीच संगणक त्या शब्दाच्या जागी वीस ओळी मांडून मोकळा. मग दिवे पाकळ्या उघडाव्यात तसे लागत. दरवर्षी जत्रेत लोक तिच्या दिव्यांच्या कमानीखाली मान दुखेपर्यंत वर बघत उभे राहत.

त्या वर्षी पंचांनी तळ्याकाठचे दिवे पहिल्यांदाच धाकटीला दिले. वर बजावलं, "दिवेलागणीला तळं उजळलं नाही, तर हे काम पुढच्या वर्षी दुसऱ्या गावाला."

धाकटी भिंतीवरून डोकावली. "जाऊबाई, तुमची फुलबाग मला द्याल?"

"घे की! एवढं काय त्यात?" थोरलीने मॅक्रो लगेच खुला केला.

जत्रेच्या दिवशी दुपारी धाकटीने वर लिहिलं, 'थोरलीच्या घरातली फुलबाग मला हवी', आणि खाली तो शब्द घातला. संगणक म्हणाला, "उमल? या नावाचं इथे कुणी नाही."

"कोण ही उमल?" धाकटी चक्रावली. तिनं तो शब्द लिहिलाच नव्हता! तीनदा खोडलं, तीनदा लिहिलं. उत्तर तेच.

"जाऊबाई, चालत नाही हो!"

"आमच्याकडे तर चालतंय," थोरली चकल्या तळता तळता म्हणाली. "डोळे उघडे ठेवून लिही जरा."

"मग पंचांना सांगून येते, मला जमत नाही म्हणून." धाकटीने पदराने डोळे पुसले.

आता मात्र थोरलीने झारा ठेवला आणि तिच्याकडे आली. संगणकाचा पडदा पाहताच तिचा चेहरा उतरला. वीस ओळी धाकटीच्या घरात मांडल्या जात होत्या खऱ्या, पण त्यातली एक ओळ 'उमल'ला हाक मारत होती. उमल ही थोरलीनेच लिहिलेली दुसरी आज्ञा, पाकळी किती हळू उघडायची ते ती ठरवायची. थोरलीचं खरं कसब तेच, आणि ते तिनं फक्त आपल्या घरापुरतं ठेवलं होतं. तिच्या घरात हाक मारली की उमल हजर. इथे कोण येणार?

गप्प बसली असती तरी कुणाला कळलं नसतं. गावात फुलणारी कमान एकच राहिली असती.

"राहू द्या जाऊबाई," धाकटी म्हणाली, "माझीच अक्कल कमी."

ते थोरलीला लागलं. "तुझी कशाने गं? शब्द दिला तुला, आणि आतून कडी लावली मी!" ती तशीच घरी धावली आणि उमल सगळ्यांसाठी खुली केली.

दिवेलागणीला तळं फुललं. वर एक बाग, पाण्यात दुसरी. कमानीखालची निम्मी गर्दी तिकडे पळाली, आणि सगळ्यांच्या पुढे थोरली!

दुसऱ्या दिवशी जत्रेतल्या पाळणेवाल्याने आपल्या दिव्यांसाठी उमल मागून नेली. त्याने तर पाकळ्या मिटवूनही दाखवल्या, जे थोरलीलाही कधी सुचलं नव्हतं. ती लगबगीने त्याच्याकडे गेली. "भाऊ, ते मिटणं मला द्याल का?"

"घ्या की, ताई. पण बसा आधी. त्याला आत काय काय लागतं, तेही सांगतो."

तात्पर्य एवढंच: आपली युक्ती दुसऱ्याला द्यायची तर तिला लागणारं सगळं सोबत द्यावं. अर्धवट दिलेलं घेणाऱ्याला रडवतं, पुरतं दिलेलं वाढून परत येतं.